आत कुलुपं नाहीत

फाटकाशी गाडी थांबली आणि आईनं सगळ्यात आधी किल्लीचं विचारलं.

"माझ्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे? टिल्लूकडे, का त्याच्या बायकोकडे?"

"खोली अजून तुझी झालेली नाही," ताई म्हणाली. गाडी तीच चालवत होती.

"संध्याकाळपर्यंत होईल की. एक हो म्हणायचंय. त्याला काय दिवस लागतात?"

शेजारी बसलेला दादा खिडकीबाहेर बघत राहिला. आई आणि बहीण बोलायला लागल्या की दादाला बाहेर काहीतरी दिसायचंच. इथं मात्र बघण्यासारखं काही नव्हतं. लांबच लांब पांढरी भिंत आणि त्यात एक फाटक, तेही सताड उघडं. पहारेकरी नाही, आडवा दांडा नाही, कुठे चाललात म्हणून विचारणारं कोणी नाही. तरी ताई उगाच थांबून राहिली. जन्मभर तिला कुणी ना कुणी विचारत आलं होतं, त्यामुळे न विचारता आत शिरणं तिला चोरीसारखं वाटत होतं.

"अगं चल ना," आई म्हणाली. "इथं कोणी अडवत नाही. तेच तर सुख आहे."

ते 'सुख' ताईला उद्देशून होतं. स्वयंपाकघरात पडदा पेटला त्या दिवसानंतर ताई कोर्टात गेली होती आणि कोर्टानं तिला आईची पालक नेमलं होतं. सत्त्याहत्तराव्या वर्षी आपल्याला पालक मिळाला, तोही आपल्याच पोटचा, ही गोष्ट आईच्या गळ्याखाली अजून उतरली नव्हती. शेगडी बंद झाली, काडेपेटी गेली, एकटीनं बाहेर पडणं गेलं, खोलीच्या दाराचं कुलूपसुद्धा स्क्रू काढून कपाटावर गेलं. वर कोर्टाच्या एक बाई देखरेखीला यायच्या. उंच, सुकलेल्या, ताठ. आईनं त्यांचं नाव 'काठी' ठेवलं होतं. काठी आली की ताईला खोलीबाहेर काढायची, दार लावून घ्यायची आणि आईला विचारायची, "तुम्हाला इथं कोणी त्रास देतं का?" एकदा आई म्हणाली होती, "हो, देते की. ती काय, दाराबाहेर उभी आहे." त्यानंतर ताईला जी उत्तरं द्यावी लागली, ती आठवली की आई अजून खुदुखुदु हसायची.

आणि आता धाकट्या टिल्लूनं हा रस्ता काढला होता. टिल्लू आणि त्याची बायको गेली दोन वर्षं 'आत' राहत होते. वस्तीला दुसरं नावच नव्हतं. आत यायचं तर बाहेरचा कायदा फाटकाशी ठेवायचा, ओली छत्री दाराबाहेर ठेवतात तसा. मग कोर्ट नाही, पोलीस नाही, दावा नाही, तक्रार नाही. त्या बदल्यात परवाना नाही, बंदी नाही आणि पालक तर नाहीच नाही. सही-शिक्क्याचीही कटकट नव्हती. फाटकाजवळच्या खोलीत भिंतीला एक जाळी होती, तिच्यातून आवाज यायचा. तिच्यासमोर बसायचं आणि आपल्या तोंडानं काय ते सांगायचं.

ताईनं गिअर टाकला. फाटक मागे गेलं तसा कानात दडा बसल्यासारखं झालं. तिनं जांभई देऊन पाहिली. दडा सुटला नाही.

*

टिल्लू दारातच उभा होता. लहानपणी सगळ्यांत बुटका म्हणून टिल्लू, आणि आता दाराच्या चौकटीत वाकून उभं राहावं लागतं तरी टिल्लूच.

"आलीस आई! बघ, दार उघडंच आहे. इथं सगळ्यांचीच उघडी असतात."

"वारा येत असेल छान," आई म्हणाली आणि खूष होऊन आत गेली.

जेवायला बसले तेव्हा ताईच्या लक्षात आलं की खोलीत एक माणूस जास्त आहे. कोपऱ्यातल्या खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ बसले होते. ओठ मिटून हसत होते.

"हे कोण?" तिनं हळूच विचारलं.

"शेजारचे."

"काही हवंय का त्यांना?"

"नाही गं. बसतात."

गृहस्थ बसले. थोड्या वेळानं उठून गेले, आणि त्यांच्या जागी निळ्या स्वेटरातल्या एक बाई येऊन बसल्या. त्याही ओठ मिटून हसल्या. टिल्लूच्या बायकोनं कोणाकडे पाहिलंही नाही. ती वाढत होती. सूप, कुस्करलेला बटाटा, दुधात मऊ केलेला पाव, शिजवून गाळलेल्या भाज्या.

"कोणाचं पोट बिघडलंय का?" आईनं विचारलं. "आजाऱ्याचं जेवण दिसतंय सगळं."

"इथं असंच जेवतात, आई," सून म्हणाली.

"का बरं?"

"ठरलंय."

ताईनं सफरचंदांची पिशवी आणली होती. सुनेनं ती उचलून किसणी काढली, पण आईनं तिच्या हातातून एक अख्खं सफरचंद काढून घेतलं आणि कचकन चावा घेतला. दादाच्या हातची कवळी होती ती. बापाच्या दुकानात लहानाचा मोठा झालेला, दात करण्यापलीकडे दुसरं काही न शिकलेला दादा. पण त्याची कवळी लावून म्हाताऱ्यानं फरसाणसुद्धा खावं. त्या आवाजासरशी निळ्या स्वेटरातल्या बाई दचकल्या. टिल्लूनं एकदम गालावर हात धरला, चावा त्यालाच लागल्यासारखा.

"ठरलंय म्हणजे कोणी ठरवलं?" ताईनं विचारलं.

"ठरतं," टिल्लू म्हणाला.

"म्हणजे? बैठक होते? हात वर करता? कोणी प्रमुख आहे?"

"ताई, तू बाहेरच्यासारखं विचारतेस. इथं कोणी कोणाला सांगत नाही. एक दिवस सगळ्यांनाच माहीत असतं, बस. आता बघ, दुपारी झोपायचं असं ठरलं. झोपतात सगळे."

"आणि नाही आली झोप तर?"

"येते."

"आणि हे नियम कोणी मोडले तर?"

"नियम नाहीतच. मोडणार काय?" टिल्लू हसला, ओठ मिटून. "आईला समोरची खोली मिळणारेय. उजेड आहे, शेगडी आहे, काडेपेटी आहे. हवं तेव्हा पेटव, हवं तेव्हा विझव."

"ऐकलंस?" आई ताईकडे न बघता म्हणाली.

"त्या खोलीत आधी कोण राहायचं?"

"आधीचे."

"गेले कुठे?"

टिल्लूनं सूपमध्ये चमचा फिरवला. "ते इथले राहिले नाहीत," तो म्हणाला. खुर्चीवरच्या बाईंनी हलकेच मान डोलावली.

ताईचा आवाज चढला. तिनं पडद्याचं काढलं, जळालेल्या टेबलाचं काढलं, आईच्या मनगटावर अजून दिसणाऱ्या डागाचं काढलं. "उद्या काही झालं तर कोणाला हाक मारशील? सांग ना! कोण बांधील आहे इथं तुझ्यासाठी धावायला?"

आईचा अंगठा जबड्याकडे गेला.

या घरात त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. आईनं कवळी काढून पेल्यात टाकली की विषय संपला, आणि तोही नकारावर. ताईला बघायला आलेलं पहिलं स्थळ असं पेल्यात बुडालं होतं. दुकान विकायचा बेतही असाच बुडाला. वडील म्हणायचे, जिच्या तोंडात दात नाहीत तिच्याशी वाद घालणं मर्दपणाचं नाही, आणि उठून जायचे. ही खूण बाहेर फक्त एकदा वापरली गेली होती, कोर्टात. पालक नेमण्याला तुमची हरकत आहे का, असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा आईनं सगळ्यांसमोर कवळी काढून हातात धरली. एवढी ठणठणीत हरकत तिनं जन्मात घेतली नव्हती. न्यायाधीशांनी मात्र बाईंना भान उरलेलं नाही असं मानलं आणि ताईच्या बाजूनं निकाल दिला. ताईला अर्थ माहीत होता. ती बोलली नव्हती.

"असू दे, असू दे," दादा घाईघाईनं म्हणाला. "संध्याकाळी काय ते बघू." आईचा अंगठा खाली आला.

*

जेवणानंतर टिल्लूनं दादाला दुकान दाखवायला नेलं.

बाहेर दादाच्या दुकानाला सील होतं. नव्या कायद्यानुसार दात आता पदवीवाल्यांनीच करायचे होते. वडिलांपासूनचा धंदा, फळीवर रांगेनं ठेवलेले प्लॅस्टरचे साचे, त्यात घरच्या प्रत्येकाचा जबडा. अठरावं वर्ष लागलं की या घरात तोंडाचा साचा घ्यायची रीत होती. ते सगळं आता लाखेच्या ठिपक्यामागे बंद होतं. दादा रोज सकाळी जाऊन त्या ठिपक्यासमोर उभा राहतो, हे फक्त ताईला माहीत होतं.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घरांची दारं उघडी, खिडक्या उघड्या, पडदे स्थिर. आणि कुठून तरी आवाज येत होता. बारीक, एकसारखा, कर-कर, कर-कर.

"पिठाची गिरणी आहे का जवळपास?" दादानं विचारलं.

"कसली गिरणी?"

"हा आवाज."

"कसला आवाज?" टिल्लू म्हणाला.

दादा एका खिडकीपाशी मंदावला. आवाज आतून येत होता. पुढच्या खिडकीतूनही तोच. त्याच्या पुढचीतूनही. मग दादाला तो ओळखू आला. वडील झोपेत दात खायचे. लहानपणी त्यांच्या शेजारी झोपताना त्यानं हाच आवाज ऐकला होता. इथं अख्खी गल्ली झोपेत दात खात होती.

"टिल्लू, जरा तोंड उघड."

"काय?"

"उघड म्हणतोय ना. मी तुझ्या दुधाच्या दातांपासून बघत आलोय."

टिल्लूनं नाइलाजानं ओठ उघडले. दादानं उन्हाकडे त्याची हनुवटी वळवली. टिल्लूचे सुळे म्हणजे घरातला विनोद होता. साचा काढताना वडील म्हणाले होते, हा पोरगा चावला तर टाके पडतील. आता सुळे नव्हतेच. होते, पण बाकीच्या दातांच्या रेषेत सपाट झिजलेले, आतला पिवळा गाभा दिसेपर्यंत. चौतिसाव्या वर्षी नव्वदीचं तोंड.

"दुखत नाही?"

"काय दुखायचंय? मी मजेत आहे," टिल्लू म्हणाला आणि ओठ मिटले. "हे बघ, आलं दुकान."

दुकान बघून दादा उंबऱ्यातच थबकला. खिडकी त्याला हवी त्याच बाजूला. टेबल बरोबर त्याच्या कोपराच्या उंचीचं. घासायची मोटर, मेणाच्या वड्या, प्लॅस्टरचा डबा, सगळं मांडून ठेवलेलं. भिंतीला लांब फळी होती, त्यांच्या दुकानातल्या फळीच्या दुप्पट, एकदम रिकामी.

"एवढी मोठी फळी कोणी सांगितली?"

"ठरली."

दादानं डब्यात हात घातला. प्लॅस्टर कोरडं, मऊ, पहिल्या प्रतीचं होतं. बाहेर तो आवाज चालूच होता. दादाला हिशेब कळत होता. एवढी तोंडं, अशी झिजणारी, अजून पाच-सात वर्षांत इथं प्रत्येकाला त्याची गरज लागणार होती. फळी कमी पडली असती. हा विचार मनात आला याची त्याला शिसारी आली. पण त्यानं हात डब्यातून काढला नाही.

*

आईला समोरच्या खोलीत झोपवलं होतं. खोलीला उजेड होता, टिल्लू खोटं बोलला नव्हता. शेगडी होती. तिच्यावर काडेपेटी होती. आईनं एक काडी ओढली, जळताना पूर्ण बघितली, बोटाला चटका बसायच्या आत फुंकली. कोणी धावत आलं नाही. तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

मग ती दार लावायला गेली. दाराला कडी नव्हती. खटका नव्हता. ढकललं की दार चौकटीपर्यंत जायचं आणि आपलं आपण पुन्हा उघडायचं. तिनं खुर्ची लावून पाहिली. दार खुर्चीसकट सरकलं.

"राहू दे मेलं," म्हणून ती आडवी झाली. डोळा लागतोय न लागतोय तोच पलंगाच्या कडेला कोणी बसल्याचं जाणवलं. निळ्या स्वेटरातल्या बाई होत्या.

"काय हवंय?"

"काही नाही. तुम्ही झोपा."

"अहो, तुम्ही असं डोळ्यांत बघत बसलात तर झोपू कशी?"

"येईल झोप," बाई म्हणाल्या. मायेनं म्हणाल्या, तेच वाईट होतं. पांघरूण नीट करावं तसा त्यांनी आईच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं जबड्यावर थांबली. "हे पक्के आहेत का? का निघतात?"

आईनं तोंड मिटून घेतलं.

"निघत असतील तर बरं," बाई म्हणाल्या. "त्रास कमी."

काठी कधी पलंगावर बसत नाही, हे आईला एकदम आठवलं. काठी आधी दार लावते, मग लांबची खुर्ची घेते, आणि बसू का म्हणून विचारते. काय पण आठवायची वेळ. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पाठीमागे हलकेच सुरू झालं, कर-कर, कर-कर. बाईंना बसल्याबसल्याच झोप लागली होती.

*

"ताई, आई आज रागावल्यात का कुणावर?"

टिल्लूची बायको भांडी घासत होती. नळ पूर्ण सोडलेला होता.

"माझ्यावर. रोजच्यासारखं. का?"

"मग त्यांना कवळी काढू देऊ नका." तिनं ताटली पाण्याखाली धरली, म्हणजे आवाज आणखी वाढला. "जाळीपुढे गप्प बसलं की ते हो धरतात."

ताईच्या हातातला फडका थांबला. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगत कोणी नाही. मी त्या दिवशी यांच्याशी अबोला धरला होता. पडद्याच्या रंगावरून, हसू नका. जाळीनं विचारलं, तुम्हाला मान्य आहे का? मी तोंड फिरवून बसले. म्हटलं, बसू देत चरफडत. काढतील माझी समजूत. जाळी म्हणाली, आभार."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग ये ना निघून! आमच्याबरोबर चल आत्ता. फाटक उघडंच आहे."

तिनं ताईकडे बघितलं, आणि क्षणभर तिच्या झिजलेल्या दातांची ओळ दिसली. "तुम्हाला उघडं आहे," ती म्हणाली.

दारात इस्त्रीचा शर्ट उभा होता. किती वेळ, कोण जाणे.

"साबण संपत आलाय, ताई," ती मोठ्यानं म्हणाली आणि नळ बंद केला.

*

जाळीची खोली अगदीच साधी निघाली. एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर पाण्याचा पेला. ताईची नजर पेल्यावरच अडकली. हा पेला इथं कोणी ठेवला असेल?

आई खुर्चीवर बसली. ताई तिच्या मागे. दादा भिंतीशी, हाताला पांढरी धूळ लागलेली. टिल्लू दाराबाहेर थांबला.

"बसा, घाई नाही," जाळी म्हणाली. वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या डॉक्टरांचा असावा तसा आवाज. "आत आलात की तुमच्यावर कोणी पालक नाही. तुमच्या मुलीचा तुमच्यावरचा अधिकार फाटकाशी संपतो. तुमचाही तिच्यावरचा. ज्या बाई दार लावून तुमची चौकशी करतात, त्यांना इथं येता येत नाही. काही झालं तर तक्रार घेणारं कोणी नाही. बाकी तुम्ही संपूर्ण मोकळ्या. मान्य आहे?"

काठीचं यांना कोणी सांगितलं, असं ताईनं टिल्लूकडे बघून डोळ्यांनी विचारलं. त्यानं मान हलवली. मी नाही.

"किल्ली मिळेल का?" आईनं विचारलं.

"गरज पडणार नाही."

"गरज पडेल का असं मी विचारलं नाही. मिळेल का?"

जाळीतून नुसती खरखर आली.

"आणि हे ठरवतं कोण? कडी नको, झोपा, मऊ खा?"

"आपण सगळे."

"मी सकाळी आले. मला कोणी विचारलं नाही."

"आता विचारतो आहोत," जाळी म्हणाली. "मान्य आहे?"

आई ताठ झाली. ताईनं पाठीमागूनच ओळखलं, खांदे असे वर चढले की पुढे काय होतं ते. अंगठा जबड्याकडे निघाला. ताईनं झडप घालून मनगट धरलं. जळल्याचा डाग बरोबर तिच्या तळव्याखाली आला.

"सोड," आई म्हणाली. "इथंही? इथंही हात धरणार तू माझा?"

एवढ्यावर ताईला हवं ते झालं असतं. हात धरून ठेवायचा, कोर्टाच्या आदेशाची आठवण द्यायची, आईला गाडीत घालायची. फाटकाच्या आत तो आदेश चालत नव्हता, पण ताईची मूठ चालली असती.

तिनं हात सोडला.

"आई, इथं गप्प बसणं म्हणजे हो," ती म्हणाली. "कवळी काढलीस तर हो धरतील. कोर्टात धरलं तसंच. तेव्हा मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. आज सांगतेय."

आई मान वळवून तिच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे मी नाही म्हणावं, असंच ना?"

"तुला हवं ते म्हण. हो म्हणालीस तर मी स्वतः तुझं सामान आणून देईन. पण म्हण. तोंडानं म्हण."

आईनं अंगठा जबड्याला लावला आणि कवळी वर घट्ट दाबून बसवली, काही कठीण खायच्या आधी दाबते तशी. मग जाळीच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"नाही," ती म्हणाली. एकेक दात वाजला.

"आभार," जाळी म्हणाली, तितक्याच गोड आवाजात. "आणि आपण?"

क्षणभर कोणालाच कळलं नाही.

"आपण दुकान पाहून आलात. मोटर आवडली. मान्य आहे?"

दादा भिंतीशी उभा होता. तो हाताकडे बघत होता. बोटांच्या रेषांत प्लॅस्टर वाळत चाललं होतं.

"दादा," ताई म्हणाली, "मघाशी मी काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

त्यानं ऐकलं होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"थोरल्या, बोल की रे," आई म्हणाली. "हो तर हो, नाही तर नाही. तोंडात काय प्लॅस्टर भरलंय?"

दादानं आयुष्यात काही ठरवलं नव्हतं. दुकानात वडिलांनी बसवलं, लग्नाचं राहून गेलं, दुकानाला सील कायद्यानं लावलं. त्यानं तोंड उघडलं. ताईला वाटलं, आता बोलेल. तो बोलला असता तर ते त्याचं झालं असतं. दादानं तोंड मिटलं. जबडा आवळला, गालावरचा स्नायू वर आला आणि एक बारीक आवाज झाला.

"आभार," जाळी म्हणाली.

*

फाटक उघडंच होतं. दादा गाडीपर्यंत पोचवायला आला आणि भिंतीच्या सावलीच्या कडेला थांबला. पाय सावलीबाहेर पडू दिला नाही. कोणी अडवलं नव्हतं.

आईनं काच खाली केली.

"थोरल्या, तू हो म्हणालास का?"

"नाही."

"मग नाही म्हणालास का?"

दादानं मान हलवली. "नाही."

"मग झालं काय?"

"ठरलं, आई," दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता, आणि तो बघवत नव्हता. "ताई, गाडी सावकाश चालव." त्याच्यामागे टिल्लू उभा होता. टिल्लूमागे इस्त्रीचा शर्ट, निळा स्वेटर आणि आणखी कितीतरी, सगळे ओठ मिटून.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर ताईच्या कानातला दडा सुटला. आई पुढच्या सीटवर बसली होती, दादाच्या जागी. ती म्हणाली, "उद्या त्या काठीला बोलाव."

"त्या त्यांच्या तारखेलाच येतात."

"मग कोर्टात जा. तुला रस्ता पाठ आहे."

"आई, आतलं त्यांच्या हातात नाही. दादानं स्वतः..."

"ठाऊक आहे मला. मी काय खुळी आहे?" आई समोर बघत होती. "पण ती विचारेल. भिंतीबाहेर उभं राहून विचारेल, लिहून विचारेल, उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारेल. चिवट बाई आहे ती. गप्प बसलं की हो झालं, असं तिच्या डोक्यात शिरायचं नाही."

घरी आल्यावर ताईनं आईचं अंथरूण घातलं, उशाशी पेला भरून ठेवला. मग स्वयंपाकघराच्या खणातून स्क्रू-ड्रायव्हर आणला, आणि कपाटावर टाकलेलं ते जुनं कुलूप दाराला परत बसवायला घेतलं. आई पलंगावर बसून बघत होती.

"कोर्टानं नको म्हटलंय ना?"

"म्हटलंय."

"काय सांगशील त्यांना?"

"काठी विचारेल तेव्हा सांगेन. दार लावून." ताईनं शेवटचा स्क्रू आवळला आणि किल्ली आईच्या तळव्यावर ठेवली. "दुसरी माझ्याकडे राहील. जळका वास आला तर मी येणार. रागव हवं तर."

"रागवेनच," आई म्हणाली. तिनं किल्ली उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. मग उशाजवळचा पेला उचलून ताईच्या हातात दिला.

"हा घेऊन जा. आज लागणार नाही."

ताई बाहेर आली. मागे किल्ली फिरल्याचा आवाज झाला. हातातल्या पेल्यात पाणी काठोकाठ होतं, नितळ. कवळी आईच्या तोंडात होती. विषय संपला नव्हता.